मी गाळलेलं आईचं बोलणं

कात्री मी आणून दिली.

टिळकवाडीतल्या एका बंगल्याची मागची पायरी. त्या पायरीवर माझी आई बसलेली. पुढ्यात बंड्यांचा ढीग. बंडी म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून वाकळी-गोधडीसारखं टाके भरून शिवलेलं. प्रत्येक बंडीच्या पाठीवर मधोमध आगपेटीएवढं एक ठिगळ होतं. ते उसवायचं, आतला भाकरीचा तुकडा काढून टाकायचा, ठिगळ पुन्हा शिवायचं. तीस-पस्तीस बंड्या असतील. दोन दिवसांनी परदेशातली एक बाई माल बघायला येणार होती. त्याआधी हे सगळं व्हायला हवं होतं. आईनं एकटीनं करायचं. सगळ्यांच्या देखत करायचं.

बंगल्याच्या मालकीणबाई दारात उभ्या होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो.

"एकेक तुकडा मला दाखवून त्या डब्यात टाक. हात धुतलेस?"

"व्हय, धुतलेत."

"साबणानं?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. "साबणानं," ती म्हणाली.

गॅरेजमध्ये शिलाईचं काम चालायचं. तिथल्या दोन्ही शिंप्यांनी मशिनी थांबवल्या. एक हसला. दुसऱ्यानं मान खाली घातली. मी आत टाइपरायटरपुढं खुर्चीवर बसले होते. दार उघडं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या ड्रॉवरमधली कात्री दे गं तिला." मी उठले. कात्री काढली. आईच्या हातात दिली. टोक माझ्याकडं करून दिली, शाळेत शिकवलं होतं तसं. मग परत येऊन खुर्चीवर बसले.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. मराठी आणि इंग्रजी चांगली येत होती, कानडी कामापुरती. एकाही भाषेत बोलले नाही.

त्या तुकड्याला आमच्याकडं घास म्हणतात. वाकळ कडेनं शिवायला घ्यायची आणि आत आत येत मधोमध संपवायची. शेवटचं ठिगळ लावताना त्याच्याखाली नखाएवढा भाकरीचा तुकडा ठेवायचा, तव्यावर कडक भाजलेला. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला झोप लागत नाही, असं आई म्हणायची. ती हे तिच्या आईकडून शिकली होती. आम्ही बौद्ध. पुष्कळ जुन्या रीती घराबाहेर टाकल्या होत्या. ही टाकली नव्हती, कारण हिच्यात कुणापुढं वाकायचं नव्हतं. एक तुकडा द्यायचा, एवढंच.

आई निपाणीकडची. लग्नाआधी तिथल्या तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. लग्नानंतर बेळगावात आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, कॅम्पात एका मिलिटरी साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. साहेबांनी चिठ्ठी दिली म्हणून मला कॉन्व्हेंटमध्ये घेतलं. अनगोळच्या आमच्या गल्लीतून इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच. गल्लीत मी बोलायची नाही, कारण माझं बोलणं वेगळं झालं होतं. शाळेत बोलायची नाही, कारण काय तोंडातून बाहेर पडेल याची भीती. अशी मी गप्प मुलगी झाले. लोक म्हणायचे, किती शांत आहे. मी शांत नव्हते. मी पहारा देत होते.

पहिली बंडी आईनं माझ्यासाठीच शिवली. मी नववीत होते. पावसाळ्यात बेळगावची थंडी हाडात शिरते. आईनं तिच्या जुन्या इरकली लुगड्याचं पोट कापलं, शिंप्याकडून खणाच्या चिंध्या मागून आणल्या आणि बंडी केली. फार सुंदर होती. मी ती स्वेटरच्या आत घालायची. कुणाला दिसू नये म्हणून.

ती दिसली एकदाच. टायपिंगची परीक्षा झाल्यावर मी मॅडमकडं नोकरी मागायला गेले तेव्हा. मॅडम खणाच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे परदेशी पाठवायच्या. त्यांना इंग्रजी पत्रं लिहायला मुलगी हवी होती. पावसात भिजून गेले होते. मॅडम म्हणाल्या, स्वेटर काढ, सर्दी होईल. मी काढला.

"हे कुठलं घेतलंस?"

"घेतलं नाही. आईनं शिवलंय."

त्यांनी मला पाठमोरी उभी केली. बराच वेळ बघत राहिल्या. त्या दिवशी मला नोकरी मिळाली आणि बंडी त्यांच्याकडं राहिली. नमुना म्हणून. मला ती परत मिळाली नाही. मी मागितलीही नाही.

त्यानंतर आईचं काम सुरू झालं. आई आणि गल्लीतल्या आणखी पाच बायका. त्यांच्यात शेजारची आक्का तोंडानं तिखट, हातानं भराभर. कापडांची मांडणी आई करायची, म्हणजे कुठला रंग कुठं, कुठली पट्टी किती रुंद. मग सगळ्याजणी टाके घालायच्या. मॅडमला हे कागदावर हवं होतं. आईला कागदावर काढता येत नव्हतं आणि काढायची गरजही नव्हती. तयार बंडी समोर ठेवून मी आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून ती काढायची, रंगीत पेन्सिलींनी भरायची. खाली मॅडम सही करायच्या. परदेशी पाठवायच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर 'डिझाइन' असा शब्द होता आणि पुढं मॅडमचं नाव. ते पान मी टाइप केलं. एकदा चूक झाली म्हणून पुन्हा टाइप केलं.

मॅडम माझ्याशी चांगल्या वागायच्या. चहा त्यांच्याच कपातून द्यायच्या. आई माल घेऊन आली की तिला चहा पायरीवर, स्टीलच्या भांड्यात. एकदा मला म्हणाल्या, "तू त्यांच्यातली वाटतच नाहीस गं."

मला बरं वाटलं. हे लिहिताना हात जड होतोय, पण बरं वाटलं. दोन दिवस मी ते वाक्य मनात घोळवत होते.

घास सापडला तो असा. मॅडमच्या मोठ्या जाऊबाईंनी एक बंडी अंगात घालून बघितली. पाठीला काहीतरी टोचलं. ठिगळ चाचपलं. आई तिथंच होती, माल उतरवत. जाऊबाईंनी विचारलं, आत काय आहे? आईनं कौतुकानं सांगितलं. कुणी विचारलं की ती नेहमीच कौतुकानं सांगायची.

जाऊबाईंनी बंडी अंगातून अशी काढली, जणू आत इंगळी होती.

"यांच्या घरची भाकरी पाठीला बांधून हिंडायची का मी?"

मॅडम लगेच म्हणाल्या, तसं नाही, मुंग्या लागतील, परदेशात चालत नाही अन्न कापडात. पण इतक्या महिन्यांत एकाही बंडीला मुंगी लागली नव्हती. मॅडमनाही माहीत होतं, मलाही. परदेशात चालत नसेल, असेलही तसं. पण मग शिंप्यांकडून उसवून घेता आलं असतं. हात साबणानं धुतलेस का, हे विचारायची गरज नव्हती. तुकडा कुठल्या घरचा, एवढाच प्रश्न होता.

त्या दिवशी आईनं सगळ्या बंड्या उसवल्या. शेवटची शिवून झाल्यावर मॅडमला एवढंच म्हणाली, "काढलं बगा सगळं. आता तुमच्या मनासारखं झालं."

दोन दिवसांनी परदेशी बाई आली. उंच, पांढऱ्या केसांची, कॉटनचा सैल झगा घातलेली. आईला दिवाणखान्यात सतरंजीवर बसवलं होतं, पुढ्यात अर्धी झालेली बंडी, हातात सुई. कसं काम चालतं ते दिसावं म्हणून. आम्हा तिघींसाठी खुर्च्या मांडलेल्या. मी मधे, कारण एकीकडून दुसरीकडं बोलणं न्यायचं काम माझं.

बाईंनी आल्या आल्या चपला काढल्या आणि आईच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. मॅडमना ते आवडलं नाही, पण हसल्या. बाईंनी बंडीवरून हात फिरवला. मला म्हणाल्या, हिला विचार, कुठला रंग कुठं जाणार हे कोण ठरवतं? कसं ठरवतं?

मी आईला विचारलं. आईचा चेहरा उजळला. आयुष्यात तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"बाई, मी आधी सगळी कापडं उन्हात टाकते. घरातल्या उजेडात रंग खोटं बोलतोय. मग लांब जाऊन डोळं बारीक करून बगते. जो रंग लई वरडतोय, त्याला कडंला घालायचा. मधी गप रंग. मानूस पाठमोरा चालला की कड हालती, मध हालत न्हाय. मग वरडनाऱ्याला हालू दे की. आन् दोन खण शेजारी ठेवत न्हाय मी. भांडत्यात. मधी इरकलीची एक पट्टी सोडायची, सासूवानी. गप बसत्यात मग. ह्यो डोळा मला वखारीत आला बगा. तंबाखूचं पान निवडायला बसायचो आमी. तुमास्नी सगळं पान तपकिरीच दिसंल. आमी त्यातनं नऊ ढीग लावायचो."

बोलताना ती सुईनं दाखवत होती. बाईंना एक शब्द कळत नव्हता, तरी त्या मान डोलावत होत्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मॅडमनीही बघितलं.

मी इंग्रजीत म्हणाले, "मॅडम चित्र काढून देतात. ही त्याप्रमाणे शिवते."

एवढंच.

बाई थोड्या थबकल्या. पाठीवरच्या मधल्या ठिगळाला बोट लावून विचारलं, इथं एवढी भोकं कसली? मी आईला विचारलंच नाही. म्हणाले, दोरा संपवायची जागा आहे ती.

बाई उठल्या. गुडघे झटकले. मॅडमकडं वळून म्हणाल्या की मुंबईत त्या नमुने करायचं वर्कशॉप सुरू करतायत. स्वतःच्या मनानं मांडणी करणारी एक बाई हवी आहे. पगारावर, राहायच्या सोयीसह. तिचं नाव कपड्याच्या आत लावायचं. "मला वाटलं होतं, ती बाई ही असेल, पण मी चुकीच्या ठिकाणी बसले वाटतं." असं म्हणून हसल्या.

मॅडमनी त्यांच्या भाचीचं नाव सुचवलं. पुण्यात शिकलेली. तिला मी ओळखायची. तिनं आमच्यासमोर कधी सुई धरली नव्हती.

मी खुर्चीवर बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. 'माझं चुकलं, ही सांगते ते वेगळं आहे.' साधं वाक्य, चौथीतल्या मुलीला येईल असं. बाई गाडीत बसेपर्यंत वेळ होता. गाडी गेली. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गुड गर्ल."

घरी जाताना रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. लोंढ्याकडं जाणारी मालगाडी, संपता संपेना. आई पिशवी पायाशी ठेवून उभी राहिली. म्हणाली,

"काय गं, मी एवढं बोलले. तू दोन शब्दांत कसं संपवलंस?"

"इंग्रजीत थोडक्यात होतं, आई."

तिनं जरा विचार केला. "व्हय? मग लई कंजूष भाषा म्हणायची."

आणि हसली. ती हसली, हे सगळ्यात वाईट.

खोटं का बोलले, हे मी पुढचे दिवस स्वतःला विचारत होते. नोकरीची भीती होती, हे खरं. पण ते पूर्ण खरं नाही. मॅडम काही बोलल्या नव्हत्या. नुसतं बघितलं होतं. खरं हे, की तंबाखूचे नऊ ढीग मला माझ्या तोंडातून काढायचे नव्हते. वखारीत बसून पानं निवडणारी बाई माझी आई आहे, हे त्या खुर्चीवर बसून इंग्रजीत म्हणावं लागलं असतं. माझी इंग्रजी स्वच्छ होती, इस्त्रीची. तिच्यावर मला तंबाखूची धूळ नको होती. मॅडमनी आईच्या हाताचा तुकडा कापडातून काढायला लावला. मी तिचं बोलणं काढून टाकलं, आणि ते मला कुणी सांगितलंही नव्हतं.

रविवारी सकाळी आई अंगणात कापडं पसरत होती. उन्हात. मी पहिल्यांदा नीट बघितलं. ती खरंच लांब जात होती, डोळे बारीक करत होती. मी तिच्याजवळ गेले.

"आई, त्या दिवशी तू बोललीस ते मी बाईंना सांगितलंच नाही."

ती वाकलेली होती, तशीच राहिली. "मग काय सांगितलंस?"

"मॅडम चित्र काढतात आणि तू शिवतेस, असं."

"आन् ती काय म्हनाली?"

मी सगळं सांगितलं. मुंबई, पगार, राहायची सोय, नाव. भाची. आईनं खणाचा एक तुकडा उचलला, झटकला, परत त्याच जागी ठेवला. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी गेले असते का न्हाय, काय ठावं," ती म्हणाली. "अण्णास्नी सोडून, तुला सोडून. भौतेक गेलेच नसते. पर ते मी ठरीवलं असतं की गं. आजपातूर मला कुणी इचारलंय का, तू जातीस का म्हनून? एकीनं इचारलं. ते बी माझ्यापातूर आलं न्हाय."

मग म्हणाली, "बाजूला सर, ऊन अडतंय."

दुपारी मी वही घेऊन तिच्यासमोर बसले. म्हणाले, पुन्हा सांग. ती सांगेना. "आता कशाला?" मी उठले नाही. शेवटी सांगितलं, पण त्या दिवशीसारखं नाही. तुटक, सुईकडं बघत. तो उजळलेला चेहरा काही परत आला नाही. तरी मी सगळं लिहून घेतलं, तिच्या शब्दांत, आणि रात्र पडायच्या आत इंग्रजीत केलं. इंग्रजीत ते थोडक्यात होत नव्हतं. मराठीपेक्षा लांब होत होतं.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या ते टाइप केलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"त्या दिवशी आई बोलली ते. मी बाईंना चुकीचं सांगितलं होतं. पत्राबरोबर हे पाठवायचं आहे."

मॅडमनी चष्मा लावून वाचलं. मला वाटलं रागावतील. त्या रागावल्या नाहीत. त्यांचा चेहरा खुलला.

"किती छान आहे गं हे! ओरडणारा रंग कडेला. आणि ही सासूची पट्टी! आपण हे पुस्तिकेत घालू. माझ्या मनोगतात."



"आईच्या नावानं," मी म्हणाले.

"नावाचं काय एवढं? तिला वाचता तरी येणार आहे का? आणि तिचं नाव बघून इथं टिळकवाडीत एक तरी बाई बंडी घेईल का, तू सांग. तुला कळतं सगळं. तू शिकलेली."

मी हात पुढं केला आणि त्यांच्या हातातून कागद घेतला. ओढला नाही. घेतला.

"नाव नसेल तर हे मिळणार नाही. आणि आईचे नमुने परत द्या."

"आईचे?" त्यांनी कपाटातून आलेखाच्या कागदांची फाइल काढली आणि माझ्यापुढं उघडली. "दाखव. कुठं लिहिलंय तिचं नाव?"

कुठंच नव्हतं. अक्षर माझं, रंग मी भरलेले, सही मॅडमची. सही करायला पेनही मीच पुढं केलेलं. आईची सगळी अक्कल त्या फाइलमध्ये होती आणि तिथं तिच्या नावाची एक रेघ नव्हती. हे माझं काम. चांगलं, नीटनेटकं काम.

"खुर्ची सोडून जाशील तर परत यायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

मी गेले. फाइल तिथंच राहिली. त्या नमुन्यांच्या बंड्या अजून निघतात, मी दुकानात बघितल्या आहेत. पाठीवर मधोमध नुसतंच ठिगळ.

इथं मला अभिमान वाटायला हवा होता. घरी येईपर्यंत थोडा वाटतही होता. गल्लीच्या तोंडाशी आक्का उभी होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. मॅडमनी अनगोळचं सगळं काम बंद केलं होतं, सहाही बायकांचं.

"काय गं, लई शानी झालीस," आक्का म्हणाली. "तुला सोसंना म्हनून आमी हात बांधून बसायचं व्हय? आमाला इचारलंस का?"

आईचाच शब्द. इचारलंस का.

नव्हतं विचारलं. एकदा गप्प राहून मी आईच्या वतीनं ठरवलं, एकदा बोलून सहाजणींच्या वतीनं. दोन्ही वेळा त्या सतरंजीवर आणि मी खुर्चीवर. खुर्ची सोडून आले म्हणून काय झालं, सवय तीच होती.

मी परदेशी बाईंना स्वतः पत्र पाठवलं. आईचं सगळं बोलणं, माझं खोटं, घासाचं, भोकांचं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. सभ्य, छोटं. वाचून वाईट वाटलं, पण जागा भरली आहे आणि करार तुमच्या मॅडमबरोबर आहे. आईला मी ते शब्द न् शब्द वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. तिनं विचारलं, "संपलं?" मी म्हणाले, संपलं. "बरं," ती म्हणाली आणि कामाला लागली.

मग मी आक्काच्या दारात गेले. एकेकीच्या दारात गेले. या वेळी काही सुचवायला नाही, विचारायला. काय करायचं? दोघी म्हणाल्या, आम्हाला मॅडमकडंच परत जायचंय, घर चालवायचंय. त्यांनी माझ्याकडून मॅडमना चिठ्ठी लिहून घेतली. मी लिहून दिली, त्या म्हणाल्या तशी. आई, आक्का आणि आणखी दोघी आमच्या पुढच्या खोलीत बसायला लागल्या. आक्का रोज मला बोलायची. "बसा, बसा. आमची कलेक्टरीन आली, सरकून बसा." अजून बोलते.

मी वही घेऊन बसते. बंडी झाली की जिनं मांडणी केली ती बोलते आणि मी लिहिते. आक्काची मांडणी आईपेक्षा अगदी वेगळी आहे, हे मला तेव्हा कळलं. ती दोन खण मुद्दाम शेजारी ठेवते. म्हणते, "भांडू देत की. तुज्या आईला शांतता आवडती, मला न्हाय." नमुना मी अजूनही आलेखाच्या कागदावर काढते. पण आधी वर नाव लिहिते, मग चौकोन. आई आता स्वतःचं नाव स्वतः लिहिते. वाकडं येतं. मी नीट करून देत नाही.

मधे एक दुकानदार आला, कोल्हापूरचा. मोठं दुकान, फॅशनच्या कपड्यांचं. बंड्या त्याला फार आवडल्या. खोलीत चार बायका बसलेल्या असताना त्यानं दारातूनच मला बोलावलं. मी दाराशी गेले. म्हणाला, "तुम्हीच सांगा सगळं. तुम्हाला बोलता येतं. यांच्यात कुठं वेळ घालवायचा?"

चार वर्षांपूर्वी याच शब्दांनी मला बरं वाटलं असतं.

मी म्हणाले, "ही मांडणी आक्कांची आहे. आत बसा. त्या सांगतील."

तो बसला नाही. घड्याळ बघितलं. आक्का बोलायला लागली, तो तिच्या डोक्यावरून माझ्याकडंच बघत राहिला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. मी आक्काकडं बघत राहिले. बराच वेळ असा गेला. मग तो निवडलेला माल तिथंच ठेवून निघून गेला. मोठी ऑर्डर होती. आम्हाला तिची फार गरज होती, अजूनही आहे. चौघींनी सुया पुन्हा हातात घेतल्या. शेवटी आक्का म्हणाली, "जाऊ दे. अर्धं तरी ऐकावं लागलं भाड्याला."

मला लाज अजून वाटते. फाटकाशी आई हसली, ती आठवली की वाटते. ती कमी होईल म्हणून मी हे लिहीत नाही. आईची मुंबई परत येणार नाही, तिचं ते उत्साहानं बोलणं परत येणार नाही, आणि माझं ते एक वाक्य मला कधीच मागं घेता येणार नाही.

पण ज्या कुणाला आमच्या हातचं अंगावर घालायचं आहे, विकायचं आहे, मासिकात छापायचं आहे, त्यांच्यासाठी मी हे सांगून ठेवते. बोलायचं ते मांडणी करणारीशी, तिच्यासमोर बसून. मी शेजारी असेन. ती बोलेल ते सगळं मी सांगेन. तुम्हाला वेळ नसला तरी सांगेन, ऐकवत नसलं तरी सांगेन. काम द्यायचं तर तिला द्यायचं, तुमच्या भाषेत बोलणाऱ्या मला नाही. आणि छापायचं ते तिचं नाव. पुरं, आडनावासकट.

हे जमत नसेल तर बंडी मिळणार नाही. मग खोली बंद पडली तरी चालेल. ते चौघींना विचारून ठरवलं आहे.